रेघ आणि सही : ड्राफ्ट्समनच्या पगाराचा आणि बढतीचा इतिहास

इमारत पूर्ण झाली की तिच्या कोनशिलेवर नावे कोरली जातात. ज्यांच्या हस्ते उद्घाटन झाले त्यांचे नाव तेथे असते, आर्किटेक्टचे असते, कधी कंत्राटदाराचेही असते. त्या इमारतीच्या भिंती, दारे-खिडक्या, जिन्याच्या पायऱ्या आणि सांडपाण्याच्या वाटा ज्याने कागदावर रेघ न् रेघ ओढून दाखविल्या, त्या ड्राफ्ट्समनचे नाव मात्र तेथे आढळत नाही. नकाशाच्या कोपऱ्यातील चौकटीत त्याची दोन आद्याक्षरे तेवढी उरतात. सरकारी मराठीत त्याला आरेखक म्हणतात आणि त्याच्या खालच्या पायरीवरील ट्रेसरला अनुरेखक. या माणसाला पगार काय मिळाला, त्याची बढती कशी झाली, आणि जेथे झाली नाही तेथे का झाली नाही, हा इतिहास आपल्या नियतकालिकांतून क्वचितच सांगितला गेला आहे. प्रस्तुत लेखात तो थोडक्यात मांडण्याचा प्रयत्न आहे.

राजोडीसारख्या गावाला हा विषय परका वाटू नये. समुद्रकाठचा हा पट्टा वाडी आणि बावखल यांच्या आधाराने जगत आला. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल गाडी धावली, १९३६ मध्ये विरारपर्यंत विजेची गाडी आली, आणि भाजी-फुलांच्या टोपल्यांबरोबर शिकलेली मुलेही मुंबईच्या गाडीत चढू लागली. वाडीच्या वाटण्या होत होत भावाभावांच्या वाट्याला काही गुंठेच उरले, तेव्हा नोकरी ही हौस राहिली नाही. कोणी शिक्षक झाले, कोणी परिचारिका, कोणी रेल्वेत, कोणी गिरणीत. ज्याचे गणित बरे आणि हात स्थिर, ज्याने शाळेत असताना एलिमेंटरी व इंटरमीजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षा दिल्या, अशा मुलासमोर ड्रॉइंग बोर्डाची एक वाट होती. मॅट्रिकनंतर दोन वर्षांचे प्रशिक्षण आणि मग नोकरी. कुठल्या दारातून तो आत गेला, यावर मात्र त्याच्या पुढील तीस वर्षांचे भवितव्य अवलंबून राहिले. एक दार सरकारी कचेरीचे होते आणि दुसरे खाजगी आर्किटेक्टच्या कार्यालयाचे.

मदतनिसांचा वर्ग

ड्राफ्ट्समन हा वर्ग आपोआप निर्माण झालेला नाही. तो गरजेपोटी घडविला गेला. १८५४ मध्ये पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला, तो मुळी सार्वजनिक बांधकामासाठी दुय्यम अधिकारी तयार करावेत म्हणून. १८५७ मध्ये मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले आणि १८९६ मध्ये तेथे ड्राफ्ट्समनांचा वर्ग भरू लागला. त्या काळी मुंबईत काम करणाऱ्या आर्किटेक्टांना नकाशे उतरवून देणारे कुशल हात हवे होते, आणि ते पुरविणे हाच या वर्गाचा हेतू होता. आज ज्याला आपण वास्तुशास्त्राचे शिक्षण म्हणतो, त्याचे मुंबईतील मूळ या मदतनिसांच्या वर्गात आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पुढे या रोपट्याचा वृक्ष झाला. वास्तुशास्त्राचा स्वतंत्र अभ्यासक्रम आखला गेला, १९१३ मध्ये रॉबर्ट केबल हे या विषयाचे पहिले प्राध्यापक झाले, १९२३ पासून क्लॉड बॅटली यांनी दोन दशके विभागाची धुरा वाहिली, आणि १९५८ मध्ये जे. जे. चे स्वतंत्र वास्तुकला महाविद्यालय झाले. विद्यार्थ्यांनी १९१७ मध्ये स्थापन केलेल्या संघटनेतूनच १९२९ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स ही संस्था उभी राहिली. आर्किटेक्टांनी आपली पदवी मिळविली, आपली संस्था मिळविली. ज्या वर्गातून सारे सुरू झाले तो मात्र मागे राहिला. आर्किटेक्ट आणि ड्राफ्ट्समन हे एकाच शिडीवरचे वरचे व खालचे पाऊल न राहता दोन वेगळ्या शिड्या झाल्या, आणि दुसरी शिडी फार आखूड होती.

बोरीबंदरच्या स्थानकाचे उदाहरण पाहा. १८७८ मध्ये सुरू होऊन १८८८ मध्ये पुऱ्या झालेल्या या इमारतीचे शिल्पकार म्हणून एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. त्यांचे साहाय्यक रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि एम. एम. जनार्दन यांची नावे थोड्या अभ्यासकांना ठाऊक आहेत. एवढ्या प्रचंड वास्तूच्या कमानींचे, नक्षीचे, जोडकामाचे कागद ज्यांनी बसून काढले, त्यांची नावे जनमानसापर्यंत पोचलीच नाहीत.

शिडी कशी उभी राहिली

स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून 'ड्राफ्ट्समन सिव्हिल' हा दोन वर्षांचा व्यवसाय शिकविला जाऊ लागला. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यांत व कचेऱ्यांत उमेदवारीची सोय झाली. प्रशिक्षणाची वाट रुंद झाली. नोकरीत शिरल्यावर पुढे काय, हा प्रश्न तसाच होता.

केंद्र सरकारच्या नोकरीत ड्राफ्ट्समनच्या तीन श्रेणी होत्या. १ जानेवारी १९७३ पासून लागू झालेल्या तिसऱ्या वेतन आयोगाच्या काळात केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्यातील तिसऱ्या श्रेणीच्या ड्राफ्ट्समनला २६०-४३० रुपये, दुसऱ्या श्रेणीला ३३०-५६० रुपये आणि पहिल्या श्रेणीला ४२५-७०० रुपये अशी वेतनश्रेणी होती. तांत्रिक शिक्षण घेतलेल्या, डोळे आणि पाठ झिजवून काम करणाऱ्या माणसाला ही श्रेणी अपुरी आहे, असे कर्मचाऱ्यांचे म्हणणे होते. त्यांनी ते सनदशीर मार्गाने मांडले. सरकार आणि कर्मचारी यांच्यातील मतभेद सोडविण्यासाठी १९६६ मध्ये संयुक्त सल्लागार यंत्रणा स्थापन झाली होती आणि बोलणी फिसकटल्यास लवादाकडे जाण्याची तीत तरतूद होती. प्रकरण लवादाकडे गेले व १९८० मध्ये निवाडा कर्मचाऱ्यांच्या बाजूने लागला. तीन श्रेणी अनुक्रमे ३३०-५६०, ४२५-७०० आणि ५५०-७५० अशा झाल्या. सर्वांत खालच्या ड्राफ्ट्समनचा आरंभीचा पगार २६० वरून ३३० वर गेला, म्हणजे महिना ७० रुपयांची वाढ. शेकड्याच्या हिशेबाने ती सुमारे २७ टक्के होते. महिनाअखेरीस वाण्याची वही पाहणाऱ्या गृहिणीला या ७० रुपयांचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती.

परंतु निवाडा एका खात्याचा होता. रेघ तीच, कागद तोच, काम तेच; पण खाते निराळे म्हणून पगार निराळा, अशी स्थिती निर्माण झाली. १३ मार्च १९८४ रोजी अर्थ मंत्रालयाने आदेश काढून ही वाढ इतर खात्यांनाही देऊ केली. त्यातही एक अट होती : भरतीच्या वेळची शैक्षणिक पात्रता बांधकाम खात्यातील ड्राफ्ट्समनसारखीच असली पाहिजे. लाभ कागदोपत्री १३ मे १९८२ पासून धरला गेला, तर प्रत्यक्ष रक्कम १ नोव्हेंबर १९८३ पासून हातात पडायची होती. ज्यांच्याकडे तेवढी पात्रता नव्हती, पण वर्षानुवर्षांचा अनुभव होता, ते बाहेरच राहिले.

त्यांना आणखी दहा वर्षे थांबावे लागले. १९ ऑक्टोबर १९९४ रोजी निघालेल्या आदेशाने पात्रतेऐवजी सेवेची वर्षे हा आधार मानला. २६०-४३० मधून ३३०-५६० मध्ये जाण्यासाठी सात वर्षे, तेथून ४२५-७०० साठी पाच वर्षे, आणि तेथून ५५०-७५० साठी चार वर्षे. म्हणजे तळाशी असलेल्या माणसाला सोळा वर्षांत वरची पायरी दिसू लागली. तिच्यापुढील बढती जागा रिकामी होण्यावर अवलंबून राहिली, हे खरे. तरीही हातांना अनुभवाची किंमत प्रथमच नियमाने मिळाली. १९९५ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टऱ्या आणि सैन्याच्या बेस वर्कशॉपमधील ड्राफ्ट्समनांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले, तेव्हा १९८४ च्या आदेशाचा लाभ त्यांनाही मिळाला पाहिजे, असे न्यायालयाने ठरविले.

महाराष्ट्र शासनानेही याच सुमारास पाऊल उचलले. ८ जून १९९५ च्या निर्णयाने, १ ऑक्टोबर १९९४ पासून, बारा वर्षे एकाच पदावर अडकलेल्या कर्मचाऱ्यास वरची वेतनश्रेणी देणारी कालबद्ध पदोन्नती योजना लागू झाली. आपल्या घरांतून 'टाइम बाउंड' या नावाने ती ओळखली गेली. सार्वजनिक बांधकाम, पाटबंधारे, नगररचना, भूमी अभिलेख अशा खात्यांत अनुरेखक म्हणून लागलेल्या आणि वर जागाच नसल्यामुळे अनुरेखक म्हणूनच निवृत्त होण्याची पाळी आलेल्या माणसांसाठी हा मोठाच दिलासा होता. १ जानेवारी २०१६ पासून हा लाभ दहा, वीस आणि तीस वर्षांनी मिळण्याची तरतूद झाली.

या साऱ्या तारखा येथे मुद्दाम दिल्या आहेत. १९८० चा निवाडा, १९८४ चा आदेश, १९९४ चा आदेश, १९९५ चा निकाल; या प्रत्येकामागे अर्ज, सभा, वर्गणी आणि दीर्घ प्रतीक्षा आहे. शिडी वरून कोणी सोडली नाही. खाली उभ्या असलेल्यांनी एकत्र येऊन तिची एकेक पायरी ठोकली.

शिडी नसलेली कार्यालये

खाजगी आर्किटेक्टच्या कार्यालयातील ड्राफ्ट्समनची कथा निराळी आहे. तेथे वेतनश्रेणी नव्हती, सेवाज्येष्ठतेची यादी नव्हती. मालक कनवाळू असला तर दिवाळीला किंवा नाताळला बोनस, मुलीच्या लग्नाला मदत आणि वर्षाकाठी थोडी वाढ. मालक तसा नसला तर काहीच नाही. दुकाने व आस्थापना कायद्याने कामाचे तास आणि रजा ठरवून दिल्या. बढतीबद्दल तो काही बोलत नव्हता.

हे लोक संघटित का झाले नाहीत, असा प्रश्न सहज पडतो. त्याचे उत्तर काही अंशी कायद्यात आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५६ च्या दुरुस्तीने तांत्रिक काम करणाऱ्याचाही 'कामगार' म्हणून समावेश झाला. ड्राफ्ट्समनचे काम तांत्रिक, यात वाद नाही. पण तो जेथे काम करतो ते आर्किटेक्टचे कार्यालय 'उद्योग' आहे काय? मुंबईतील एका सॉलिसिटर फर्मच्या नोकरांनी बोनस मागितला, तेव्हा १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, बुद्धीवर चालणारा असा व्यवसाय हा उद्योग नव्हे. निकाल वकिलांच्या कार्यालयाबद्दल होता. परंतु त्याची सावली डॉक्टर, हिशेबनीस आणि आर्किटेक्ट अशा सर्वच व्यावसायिकांच्या नोकरांवर पडली. सोळा वर्षांनी, १९७८ मध्ये, बंगलोर पाणीपुरवठा मंडळाच्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या प्रसिद्ध निकालाने ती सावली दूर झाली. तरीही एखाद-दुसरा मदतनीस घेऊन काम करणाऱ्या छोट्या व्यावसायिकाला त्यातून वगळले गेले. ड्राफ्ट्समनांची खाजगी नोकरी बहुधा अशाच छोट्या कार्यालयांत होती. चार टेबलांच्या खोलीत युनियन उभी राहत नाही. मालकाशी रोज तोंडास तोंड असते, आणि पगाराचा विषय काढणे म्हणजे उपकार विसरणे, असे वाटू लागते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४७ च्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. नव्या संहितांनी नियुक्तिपत्र देणे मालकावर बंधनकारक केले आहे. कागदाचा हा एक तुकडा लहान दिसला तरी, ज्यांनी वीस वर्षे तोंडी बोलीवर काम केले त्यांना त्याचे मोल कळेल.

सहीचा प्रश्न

पगाराइतकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न सहीचा. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याने नोंदणीकृत व्यक्तीखेरीज इतरांस 'आर्किटेक्ट' हे नाव लावण्यास मनाई केली. कायदा झाला त्या वेळी पूर्वीपासून हा व्यवसाय करीत असलेल्यांना, अनुभवाच्या आधारे, नोंदणीची संधी दिली गेली होती. त्यानंतर ते दार बंद झाले. अनुभवाच्या बळावर ड्राफ्ट्समनने आर्किटेक्ट होण्याची जुनी वाट तेथे संपली.

या कायद्याचा नेमका अर्थ काय, हे पुष्कळ वर्षे संदिग्ध होते. नोएडा प्राधिकरणातील बढतीच्या एका प्रकरणात मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो स्पष्ट केला. कायदा 'आर्किटेक्ट' या नावाचे रक्षण करतो. नकाशे करण्याचे काम इतरांनी करू नये, असे तो म्हणत नाही. वास्तुशास्त्राची पदवी नसलेल्या कर्मचाऱ्यास बढती देता येईल, पण ज्या पदाच्या नावात 'आर्किटेक्ट' हा शब्द आहे ते नाव त्याला देता येणार नाही. काम तुझे, नाव तुझे नाही, हा ड्राफ्ट्समनचा जुनाच अनुभव न्यायालयाच्या भाषेत उतरला, असे कोणी म्हटल्यास त्यास दोष देता येणार नाही. तथापि याच निकालाने, नाव वेगळे ठेवून का होईना, बढतीची वाट मोकळी ठेवली, हेही तितकेच खरे.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, आणि ती पालकांनी जाणून घ्यावी अशी आहे. मुंबई वगळता बहुतेक महाराष्ट्रात, म्हणून वसई-विरार महापालिकेतही, डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तिच्या परिशिष्टात 'पर्यवेक्षक' म्हणून परवाना मिळण्याची सोय आहे. आय.टी.आय.चा सिव्हिल ड्राफ्ट्समन आर्किटेक्टच्या वा इंजिनियरच्या हाताखाली पाच वर्षे काम केल्यावर दोनशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील दुमजली घराचे नकाशे स्वतःच्या सहीने सादर करू शकतो. दहा वर्षांच्या अनुभवानंतर, ज्यातील पाच वर्षे अशा हाताखालची असावीत, ही मर्यादा पाचशे चौरस मीटरपर्यंत वाढते. लहान भूखंडावर स्वतःचे घर बांधणारी कुटुंबे आपल्या गावांत आजही आहेत. त्यांच्या नकाशावर गावच्याच मुलाची सही असू शकते. ही छोटी सही हेही बढतीचेच एक रूप आहे.

वसईच्या इमारती आणि ड्राफ्ट्समनची भाकरी

येथे एका अवघड गोष्टीला स्पर्श करणे भाग आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईच्या हरित पट्ट्यावर बांधकामाचे संकट आले आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीचा लढा उभा राहिला. १९९० मध्ये या परिसराच्या नियोजनाचे अधिकार सिडकोकडे गेले. २००९ मध्ये महापालिका स्थापन झाली. नालासोपारा आणि विरार यांचा चेहरा एका पिढीत बदलून गेला. या इमारतींचे नकाशेही कोणीतरी काढलेच आहेत. वाडी वाचावी म्हणून मोर्चात चालणारा बाप आणि इमारतीचे आराखडे काढून महिन्याचा पगार आणणारा मुलगा एकाच जेवणाच्या पाटावर बसू शकतात. यात मुलाला दोष देणे सोपे आहे. पण कोठे, किती आणि कशासाठी बांधायचे, हे ठरविणाऱ्यांत त्याचा आवाज नव्हता. त्याच्याकडे रेघ होती, सही नव्हती. ज्याला बढती नाही त्याला निर्णयातही वाटा नसतो, हा या इतिहासाचा आणखी एक धडा.

याच काळात त्याची हत्यारेही बदलली. टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर, शाईचे पेन, चुकलेली रेघ खरवडण्याचे ब्लेड आणि अमोनियाच्या वासाची प्रिंट, एवढा संसार घेऊन एका पिढीने आयुष्य काढले. डिसेंबर १९८२ मध्ये ऑटोकॅड ही संगणक प्रणाली अमेरिकेत बाजारात आली आणि पुढील दोन दशकांत आपल्याकडील बोर्ड एकेक करून दूर झाले. ट्रेसरचे काम तर जवळजवळ नाहीसेच झाले. ज्यांनी चाळिशीत पुन्हा विद्यार्थी होऊन माऊस हाती धरला ते टिकले. काहींना आखाती देशांत चांगले दिवस दिसले. काही वेळेआधी घरी बसले. संगणकाने काम जलद केले, म्हणून नवशिक्याचा पगार वाढला असे मात्र झाले नाही. थोडक्या महिन्यांचा कोर्स करून येणारी मुले अनेक झाली, आणि जेथे हात अनेक तेथे मजुरी पडते, हा बाजाराचा नियम येथेही चालला.

मजुरी आणि न्याय

ख्रिस्तसभेने या प्रश्नाकडे पाठ फिरविलेली नाही. १८९१ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात सांगितले की, कामगाराने गरजेपोटी कमी पगार कबूल केला, म्हणून तो पगार न्याय्य ठरत नाही. १९८१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी 'लाबोरेम एक्झेर्चेन्स' या परिपत्रकात न्याय्य वेतन ही समाजव्यवस्थेच्या न्याय्यतेची कसोटी मानली. १९५५ मध्ये पोप पायस बारावे यांनी १ मे हा दिवस कामगार संत जोसेफ यांच्या सणासाठी निश्चित केला. तो सण आपल्या चर्चमध्ये साजरा होतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर सुतार येतो, गवंडी येतो. कागदावर घर बांधणारा ड्राफ्ट्समनही त्यात असावयास हवा.

आपल्याच समाजातील जोसेफ बाप्टिस्टा यांचेही येथे स्मरण होते. काका बाप्टिस्टा मूळचे उत्तनच्या घराण्यातील. पुण्यात अभियांत्रिकी शिकून त्यांनी वनखात्यात नोकरी केली आणि पुढे बॅरिस्टर होऊन कामगारांची बाजू हाती घेतली. १९२० मध्ये मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली, तिच्या प्रमुख प्रवर्तकांत ते होते. तांत्रिक शिक्षण घेतलेल्या माणसाने संघटनेला कमी लेखू नये, हा धडा त्यांच्या जीवनातून आपल्याला शंभर वर्षांपूर्वीच मिळाला आहे.

आज कित्येक घरांतून मुली-मुलगे संगणकावर नकाशे काढण्याची नोकरी धरतात. त्यांना पहिल्या दिवशी नियुक्तिपत्र मागायला शिकविणे, अनुभवाचे दाखले जपून ठेवायला सांगणे, पाच आणि दहा वर्षांनी परवान्याचा अर्ज करायला लावणे, आणि शक्य असेल त्यास पदविका व पदवीच्या वाटेवर मदत करणे, हे पालकांच्या आणि धर्मग्रामाच्या आवाक्यातील काम आहे. आपल्यापैकी जे आर्किटेक्ट झाले, बांधकाम व्यावसायिक झाले, त्यांनीही आपल्या कार्यालयातील कनिष्ठ ड्राफ्ट्समनला पाच वर्षांनी कोणती पायरी मिळेल, हे कागदावर लिहून द्यावे. सरकारी कचेरीत ही पायरी ठोकायला लवाद, मंत्रालय आणि सर्वोच्च न्यायालय लागले. चार टेबलांच्या कार्यालयात तिला मालकाची एक सही पुरेल.